काकांच्या नावाची एक ओळ

कळंबा, कोल्हापूर
२३ जानेवारी १९९४

चि. विद्याश्रीस, अण्णाचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. धारवाडला थंडी आहे, सासरची माणसं बरी आहेत आणि तुला अजून कन्नडमधून नीट भांडता येत नाही, एवढं समजलं. येईल. भांडण तुझ्या अंगातच आहे, भाषा काय, मागनं येते.

रविवारी स्कूटरवरून कागेवाडीला जाऊन आलो. तुझ्या वडलांचं गुऱ्हाळ चालू आहे, पण पूर्वीची गर्दी नाही. आपल्या लहानपणी पाळीच्या बैलगाड्या पार ओढ्यापर्यंत उभ्या असायच्या. ज्याला स्वतःचं गुऱ्हाळ नाही त्यानं आपला ऊस आणावा, आपली चिपाडं जाळावीत आणि आपला गूळ घेऊन जावा, हा काकांचा रिवाज. आता सगळ्यांचा ऊस कारखान्याला जातो. काका मात्र तसेच रसाच्या उकळत्या काईलीजवळ उभे, डोक्याला टॉवेल, तोंडानं कुणाचा तरी उद्धार. मला बघून म्हणाले, "काय पावणं, वाट चुकलासा व्हय?" म्हणजे मी महिनाभर फिरकलो नव्हतो, हे त्यांनी मोजून ठेवलं होतं. मग उसाचं कांडं सोललं, गरम काकवीत बुडवलं आणि माझ्या हातात दिलं. मी सरकारी नोकर, दोन पोरांचा बाप, चुलवाणाशेजारी बसून बोटं चाटत होतो. विद्या, मला माझे वडील आठवत नाहीत. वडील म्हटलं की मला तो वासच आठवतो.

तुझी अव्वा, माझी काकी, खुशाल आहे. परवा मतदार यादीवाले आले होते. नवऱ्याचं नाव काय, म्हणून विचारलं तर काकीनं शेजारच्या झुंबरबाईला पुढं ढकललं, "तूच सांग की बाई." जन्मात नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नाही, ते सरकारसाठी काय काढणार?

काकवीची बरणी पाठवतोय. सासूबाईंना थोडी दे, नाहीतर एकटीच संपवशील.

तुझा,
अण्णा

•

कळंबा
१२ नोव्हेंबर २००६

चि. विद्यास आशीर्वाद.

दिवाळीत येऊन तू मला हे खूळ लावून गेलीस, तेव्हा तक्रारही तुझ्याकडेच. कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं, असा इंटरनेटवरचा मराठी ज्ञानकोश. ऐकायला छान वाटलं. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेल्या माणसाला दुसरं काम काय? मी रोज नाक्यावरच्या नेट कॅफेत बसतो आणि एका बोटानं लिहितो.

कागेवाडीचं पान मी तयार केलं. ओढा, देऊळ, शाळा, सगळं घातलं. शेवटी एक ओळ लिहिली: "गावातील सामायिक गुऱ्हाळ भरमाप्पा यांनी सुरू केले." बस. 'थोर' नाही, 'दानशूर' नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी बघतो तर ओळ गायब. शाल्मली नावाच्या कुणा सदस्यानं काढलेली. मी परत घातली. तिनं परत काढली आणि शेरा मारला, "संदर्भ हवा." मी परत घातली. एका दिवसात तीनदापेक्षा जास्त एकमेकांचं उलटवायचं नाही, चर्चापानावर बोलायचं, अशी तिनं तंबीही दिली. मी चर्चापानावर लिहिलं की मी त्या गुऱ्हाळात वाढलो आहे, आणखी कसला संदर्भ पाहिजे? तर उत्तर आलं, "आपली आठवण खरी असेल, पण ती छापील आणि तपासता येण्याजोगी नाही." पुण्याची कुणीतरी शहाणी असणार. गुऱ्हाळ म्हणजे रसाचा गाडा असं समजणारी.

मला राग त्याचा नाही. गेल्या आठवड्यात मी काकीला रिक्षात घालून कॅफेत नेलं. काका जाऊन पाच वर्षं झाली. जमीन विकली, गुऱ्हाळाच्या जागेवर बाभळी माजल्या, काकी माझ्याकडे राहायला आली. तिला म्हटलं, चल, काकांचं नाव साऱ्या जगाला दिसतंय ते दाखवतो. नवं लुगडं नेसून आली बिचारी. पान उघडलं आणि ओळ नव्हती. शाल्मलीबाईंनी सकाळीच काढली होती.

काकी म्हणाली, "वाच की." आणि मी वाचलं, विद्या. नसलेली ओळ वाचली. ती पडद्याकडे बघत बसली. तिला अक्षर कुठं येतं? मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "आता कोन पुसत न्हाय न्हवं?" मी म्हटलं, नाही.

आता ती कागेवाडीहून झुंबरबाईला बोलावून, तिला घेऊन परत जायचं म्हणते. झुंबरबाई सातवी शिकलेली आहे. तू त्या ज्ञानकोशात जुनी आहेस, तुझ्या शब्दाला मान असेल. त्या शाल्मलीला जरा समज दे.

अण्णा

•

धारवाड
२० नोव्हेंबर २००६

ती. अण्णास, विद्याचा नमस्कार, शरणु शरणार्थी.

शाल्मली पुण्याची नाही. शाल्मली ही धारवाडजवळ उगम पावणारी नदी आहे, आणि ते सदस्यनाव माझं आहे. अप्पांची ओळ मी काढली.

हे वाचून तू पत्र फाडलं नसशील तर पुढचं वाच.

'कळंबेकर' नावाचा सदस्य म्हणजे तूच, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. दुसरं कोण लिहिणार ती ओळ? सांगायला धीर झाला नाही. वाटलं, तू एकदा चिडशील आणि सोडून देशील. तू कधी काय सोडलंयस, हे माझ्या लक्षात राहायला हवं होतं.

गेल्या वर्षभरात मी अशा कितीतरी ओळी काढल्या. कुणाच्या आजोबांनी गावात पहिला ट्रॅक्टर आणला, कुणाच्या मामानं देऊळ बांधलं. लिहिणारा प्रत्येक जण शपथेवर सांगतो की खरं आहे. खरं असेलही. पण वाचणारा परका असतो, त्यानं कशावरून मानायचं? एकाचं ठेवलं तर सगळ्यांचं ठेवावं लागतं, आणि मग तो ज्ञानकोश राहत नाही, लग्नपत्रिकेतली नावं होतात.

वारणानगरचा बाळासो म्हणून एक सदस्य आहे. फोटो स्टुडिओ चालवतो, मनापासून लिहितो. त्यानं त्याच्या गावच्या पानावर लिहिलं होतं की लेझीम पथक त्याच्या वडलांनी, पिराजींनी उभं केलं. मी ते काढलं. त्यानं वाद घातला नाही. फक्त चर्चापानावर विचारलं, "ताई, तुमच्या वडलांचं नाव असतं तर काढलं असतं का?" मी लिहिलं, "काढलं असतं."

ते अजून तिथं आहे, सगळ्यांना वाचता येतं. दोन महिन्यांनी तुझी ओळ आली.

मी माझं ते उत्तर पुन्हा एकदा वाचलं आणि ती काढली. पण अव्वा लुगडं नेसून तिथं बसली होती, हे मला माहीत नव्हतं. परवापासून दुसरं काही डोळ्यासमोर येत नाही. मी काय करू, ते तूच सांग.

विद्या

•

कळंबा
८ डिसेंबर २००६

चि. विद्यास आशीर्वाद.

पत्र फाडलं नाही. चुरगाळलं, आणि मग इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवून सरळ केलं.

आठ दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडलो. बाप तुझा, आणि भांडायला मी. तुझ्या वहिनीनं विचारलं, कुणाशी पुटपुटताय? शेवटी असं झालं की तू बरोबर आहेस, आणि मला ते अजिबात आवडलेलं नाही. काकांनाही आवडलं नसतं, पण पटलं असतं. ते कुणाची पाळी मोडून कुणाचा ऊस आधी घ्यायचे नाहीत. एकदा माझ्या सासऱ्यांची गाडी त्यांनी दिवसभर रांगेत उभी केली होती. सासरेबुवा वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत.

आता घरातलं भांडण चव्हाट्यावर नको. मी आज चर्चापानावर लिहून टाकलं, "शाल्मली यांच्याशी सहमत. ओळ नसावी." विषय संपला.

काकीचा मात्र संपला नाही. संक्रांत झाली की झुंबरबाईला घेऊन जायचं, असं ठरलंय दोघींचं. मी कॅफेवाल्याचा कॉम्प्युटर बंद आहे म्हणून सांगतोय. किती दिवस सांगणार?

अण्णा

•

धारवाड
१७ जानेवारी २००७

ती. अण्णास शरणार्थी.

विषय संपला नाही. आपण दोघांनी मिळून नवीनच उभा केला.

बाळासोनं चर्चापानावर जाहीर प्रश्न विचारला आहे. कळंबेकर आणि शाल्मली तीन दिवस एकमेकांचं उलटवत होते. मग दोघं एकदम गप्प. महिन्याभरानं कळंबेकर येतो आणि एका वाक्यात शरण जातो. मधल्या काळात एक शब्दही चर्चा नाही. तेव्हा ही दोन्ही खाती एकाच माणसाची असावीत, आपल्या कडक शिस्तीचा देखावा करण्यासाठी त्यानं स्वतःशीच भांडण लावलं असावं, असा त्याचा संशय. तिथं हा मोठा गुन्हा समजतात. बाकीच्यांनाही पटलं. खरंच तसं दिसतंय, अण्णा. तिथला नियम असा की वाद चव्हाट्यावरच मिटवायचा, म्हणजे पुढच्या माणसाला कळतं की का मिटला. आणि आपण बसलो पोस्टाची तिकिटं चिकटवत.

काल मी सगळं लिहून टाकलं. कळंबेकर माझे चुलतभाऊ, आमचा वाद पत्रांतून झाला, आणि भरमाप्पा माझे वडील. त्यामुळे या ओळीबद्दल आम्हा दोघांचंही मत धरू नये, तिसऱ्या कुणीतरी ठरवावं. आणि ते बाळासोनं ठरवावं, अशी मीच विनंती केली.

रात्री बाळासोचं उत्तर आलं. "ठीक. मला वेळ लागेल."

विद्या

•

कळंबा
२५ जानेवारी २००७

चि. विद्यास आशीर्वाद.

तुझं डोकं फिरलंय का? साऱ्या ज्ञानकोशात तुला हाच माणूस सापडला? ज्याच्या बापाचं नाव तू काढलंस, तो तुझ्या बापाचं ठेवेल? मी त्याच्या जागी असतो तर पहिल्या दिवशी निकाल देऊन गावभर पेढे वाटले असते.

संक्रांत झाली. काकी रोज विचारते, "झालं का रं चालू?" परवा म्हणाली, "तू मला न्यायचं टाळतोयस व्हय?" मी चपला घालून बाहेर पडलो. कळंब्याच्या तलावावर जाऊन बसलो बराच वेळ. काकांनी मला लहानपणापासून वाढवलं, शिकवलं, नोकरीला चिकटवलं, आणि मला त्यांच्यासाठी एक ओळ टिकवता येत नाही. हे तुला लागावं म्हणून लिहीत नाही. लागतंय मला, म्हणून लिहितोय.

अण्णा

•

धारवाड
११ मार्च २००७

ती. अण्णास शरणार्थी.

निकाल लागला. बसून वाच.

बाळासो वारणानगरहून कोल्हापूरला आला, तिथून एसटीनं कागेवाडीला गेला. त्याच्याकडे गाडी नाही. आपण दोघं आजवर कागेवाडीला कसे गेलो, सांग बरं. तू स्कूटरवरून, मी यजमानांच्या मोटारीतून. लहान होतो तेव्हा बैलगाडी. गावाला एसटी सुरू झाली तोवर आपण गावाबाहेर पडलो होतो. त्या रस्त्यावरच्या गाडीत तू किंवा मी एकदा तरी बसलोय का? एकदाही नाही. बसलो असतो तर चार महिने भांडलोच नसतो.

त्यानं कंडक्टरला कागेवाडीचं तिकीट मागितलं. कंडक्टर म्हणाला, "गावठाण का भरमाप्पाचं गुऱ्हाळ?"

अण्णा, तो थांबा आहे. गावाच्या अलीकडचा, ओढ्यापाशी. ड्रायव्हर लोक तिथं रस प्यायला गाडी उभी करायचे, त्यातून तो पडला. अप्पा गेले, काईल गेली, जमीन गेली, पण गाडी अजून तिथं थांबते. बाभळींच्या आड एसटीचा फलक आहे, त्यावर नाव आहे. आगारातल्या वेळापत्रकावरही छापलेलं आहे. बाळासोनं दोन्हींचे फोटो काढून आणले.

मग त्यानं चर्चापानावर निकाल लिहिला. गुऱ्हाळ कुणी सुरू केलं याला छापील आधार नाही, म्हणून ती ओळ नसावी, शाल्मली यांचं बरोबर. पण थांब्याच्या नावाला आधार आहे, तेव्हा पुढील ओळ असावी: "गावाअलीकडील एसटी थांबा 'भरमाप्पाचं गुऱ्हाळ' या नावाने ओळखला जातो." सगळ्यांनी सहमती दिली. मी दिली नाही, मला तिथं बोलायचा हक्कच नव्हता. मी नुसती वाचत बसले आणि रडले. यजमानांना वाटलं, घरून काही वाईट बातमी आली.

नंतर मी बाळासोला फोन केला. आभार मानले आणि म्हटलं, तुमच्या वडलांसाठीही असं काही शोधू या, मी मदत करते. तो म्हणाला, "ताई, तुमी वडलांची ओळ काढल्यावर सहा म्हयनं मी तेच शोधलंय. पाटी न्हाय, फोटो न्हाय, काय न्हाय. शोधायचं कसं ते शिकलो, म्हणून तुमचं घावलं." मग त्यानंच विषय बदलला आणि धारवाडच्या पेढ्यांची चौकशी केली.

पेढे पाठवले आहेत. दुसरं काय पाठवणार?

आता अव्वाला खुशाल ने. झुंबरबाईंनाही ने.

विद्या

•

कळंबा
२ एप्रिल २००७

चि. विद्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. बाळासोबद्दल मी जे लिहिलं होतं ते मागे घेतो. त्याला घरी जेवायला बोलावलंय. तांबडा-पांढरा आपल्या घरात होत नाही, त्याला आमटीवर भागवावं लागेल, हेही कळवलंय.

परवा काकी आणि झुंबरबाई, दोघींना कॅफेत नेलं. झुंबरबाईनं चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, ओळीखाली बोट धरून. काकीनं परत एकदा वाचायला लावलं. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "मागल्या टायमाला येगळं व्हतं." मी म्हटलं, बदललंय जरा. तर म्हणते, "न्हाय रं. तवा काय नव्हतंच. तू वाचत व्हतास तवा तुझं डोळं पडद्यावर कुठं व्हतं? माझ्याकडं व्हतं." आणि इतके दिवस ती मला एका शब्दानं बोलली नव्हती. माझा खोटेपणा तिनं जपून ठेवला होता, मला लाज वाटू नये म्हणून. झुंबरबाईला न्यायचा हट्ट का होता, तेही मला तेव्हा उमगलं.

मग म्हणाली, "मला त्या गाडीनं न्हे."

काल गेलो. स्टँडवर गाडी लागली होती, खिडकीची जागा मिळाली. काकी मांडीवर पिशवी धरून ताठ बसलेली. कागल मागं पडल्यावर कंडक्टर आला. मी त्याला मुद्दाम विचारलं, पुढच्या थांब्याला नाव आहे ते भरमाप्पा कोण? तो म्हणाला, "कोन की. थांबा हाय त्यो." काकी ऐकत होती. मला वाटलं, तिला वाईट वाटलं असेल. कंडक्टर म्हणाला, "बोला, कुठलं देऊ?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

विद्या, तुला माहीत आहे ती कशी आहे. मतदार यादीला सांगितलं नाही, तलाठ्याला सांगितलं नाही. काकांच्या दिवसाला जंगमस्वामींनी विचारलं तेव्हाही मीच सांगितलं. मंगळागौरीत, लग्नात, कुठं कुठं तिला आग्रह झाला असेल, ती नुसती हसून बाजूला व्हायची.

ती म्हणाली, "भरमाप्पाचं गुऱ्हाळ. दोन द्या."

आवाज चांगला मोठा होता. पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून बघितलं. कंडक्टरनं तिकिटं फाडून दिली, तिचं अर्धं, माझं पूर्ण, आणि तो मागच्या माणसाकडे गेला. त्याच्या दृष्टीनं काहीच झालं नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, कारण माझं तोंड तिला दिसू द्यायचं नव्हतं.

ओढ्यापाशी उतरलो. बाभळी आहेत, चुलवाणाचे दगड आहेत, फलक थोडा वाकलाय. वास मात्र नाही कसलाच. काकी फलकाखाली बसली, पिशवीतून दशम्या काढल्या, लहानपणी आपण तिथं बसून खायचो तशा आम्ही दोघांनी खाल्ल्या. परतीची गाडी आली तेव्हा उठता उठता म्हणाली, "विद्याला लिव, मी नाव घेतलं म्हणून."

म्हणून लिहितोय. ह्याला मात्र संदर्भ मागू नकोस. मी शेजारच्या सीटवर होतो.

तुझा,
अण्णा